याचा उपयोग काय ?

विद्येची थोरवी आपल्या समाजांत सर्वांस मान्य आहे. तथापि ही मान्यता किती खोल आहे, हें विद्येविषयीं आपण जे प्रश्न विचारतों त्यांवरून कळून येतें. पालकांच्या सभेंत, स्नेहसंमेलनांत, किंवा निकालाच्या दिवशीं व्हरांड्यांत उभें राहून, शिक्षकांस वारंवार ऐकावा लागणारा एक प्रश्न म्हणजे, "हें शिकून पुढें उपयोग काय ?" हा होय. हा प्रश्न क्षुद्र आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या गृहस्थानें पोटास चिमटा घेऊन मुलाची फी भरली, त्यास तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, हा प्रश्न बहुधा फार लवकर विचारला जातो, आणि लवकर विचारलेल्या प्रश्नास मिळणारें उत्तर बहुधा चुकीचें असतें. हें विधान नुसत्या उपदेशाच्या रूपानें न मांडतां एका खऱ्या उदाहरणानें मांडावें, म्हणजे वाचकांस तें स्वतः पारखून घेतां येईल, या हेतूनें प्रस्तुत लेख लिहिला आहे.

अशी कल्पना करा कीं, एखादा हुशार विद्यार्थी बी.एस्‌सी. व एम्‌.एस्‌सी. होऊन पुढें पांच वर्षें खपून पीएच्‌.डी. झाला. वय तिशीच्या घरांत आलें. आतां तरी तो कोठें स्थिर होईल अशी घरच्यांची अपेक्षा असतां तो म्हणतो, "आणखी दोन-तीन वर्षें मी दुसऱ्या एका प्रयोगशाळेंत उमेदवारी करणार आहें." पदवी मिळाल्यानंतरच्या या उमेदवारीस पोस्ट-डॉक्टरल संशोधन असें म्हणतात. तेथें काय करणार, असें वडिलांनीं विचारलें तर तो उत्तर देतो, "पाण्यांत सुटा झालेला इलेक्ट्रॉन पहिल्या क्षणांत काय करतो, तें लेसरच्या प्रकाशानें पाहणार." हें उत्तर ऐकून वडील गप्प बसतात, आई देवळांतल्या किंवा देवघरांतल्या दिव्याकडे पाहते, आणि शेजारी हंसतात. पाणी तें काय, आणि त्यांत पाहावयाचें तें काय !

पाणी हा पदार्थ आपल्या इतक्या परिचयाचा आहे कीं, त्यांत कांहीं अज्ञात उरलें असेल असें कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु या प्रकरणाचा इतिहास पाहण्याजोगा आहे. इ. स. १८६४ मध्यें वाइल नांवाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें असें प्रसिद्ध केलें कीं, सोडियमसारखी धातु थंड द्रवरूप अमोनियांत विरघळविली असतां सुंदर निळा रंग येतो. हा रंग कशाचा, हें त्या वेळीं सांगतां येणें शक्यच नव्हतें, कारण इलेक्ट्रॉन या ऋणविद्युत्कणाचा शोधच मुळीं १८९७ सालीं लागला. पुढें १९०८ मध्यें अमेरिकेंतील चार्ल्स क्राउस यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, धातूच्या अणूंपासून सुटलेले इलेक्ट्रॉन अमोनियाच्या रेणूंच्या घोळक्यांत राहतात, व तो निळा रंग त्यांचाच होय. मग पाण्यांत असेंच होत असेल काय ? पण पाण्यांत सोडियम टाकला तर काय होतें, हें वरच्या वर्गांतील प्रत्येक विद्यार्थ्यानें पाहिलें आहे. तो पेट घेऊन इकडून तिकडे धांवतो. निळा रंग दिसण्यापूर्वींच सर्व प्रकार आटोपतो.

या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास आणखी चौपन्न वर्षें लागलीं. लंडनच्या जवळ नॉर्थवुड येथें माउंट व्हर्नन नांवाचें इस्पितळ होतें, आणि त्याच्या आवारांत लुई हॅरॉल्ड ग्रे यांनीं कर्करोगावरील किरणोपचारांच्या अभ्यासाकरितां प्रयोगशाळा स्थापिली होती. तेथें १९६२ मध्यें एडविन हार्ट व जॅक बोग या दोघांनीं वेगवान इलेक्ट्रॉनांचा एक क्षणिक झोत पाण्यांत सोडला आणि लगोलग त्या पाण्याचा वर्णपट छायाचित्रांत टिपला. त्यांत तांबड्या प्रकाशाच्या भागांत एक रुंद काळसर पट्टा आढळला. आज अधिक सूक्ष्म मापनानें त्याचा मध्य सुमारें ७२० नॅनोमीटर या लांबीच्या तरंगापाशीं आहे असें ठरलें आहे. तांबडा प्रकाश जो गिळतो तो पदार्थ निळा दिसावयाचा. म्हणजे अमोनियांतील निळ्या पाहुण्याचा भाऊबंद पाण्यांतही सांपडला. फरक इतकाच कीं, अमोनियांत तो दीर्घकाळ टिकतो, आणि पाण्यांत, तें कितीही शुद्ध असलें तरी, सेकंदाच्या फार लहान अंशांत नाहींसा होतो. या पाहुण्यास जलवेष्टित इलेक्ट्रॉन असें म्हणूं.

त्याचा स्वभाव मोठा तापट आहे. रसायनशास्त्राला ठाऊक असलेल्या अत्यंत प्रबळ क्षपणकारी द्रव्यांत त्याची गणना होते. पाण्यांत विरलेला ऑक्सिजन भेटला कीं तो त्यास चिकटतो. आम्ल भेटलें कीं हायड्रोजनचा अणु तयार करतो. नायट्रस ऑक्साइड भेटला तर त्याचे तुकडे करून नायट्रोजन मोकळा करतो. आतां हें ध्यानांत घ्या कीं, मनुष्याच्या शरीराचा निम्म्याहून अधिक भाग पाणीच आहे. रुग्णाच्या अंगावर क्ष-किरण सोडले म्हणजे त्या पाण्यांत असे इलेक्ट्रॉन व त्यांच्या जोडीचे दुसरे उग्र कण जागजागीं निर्माण होतात. किरणांनीं रोगट पेशी मरते ती पुष्कळ अंशीं या मधल्या हस्तकांच्या करणीनें मरते. आणि निरोगी पेशीस इजा होते तीही त्यांच्याच करणीनें होते. अर्थात् पाण्यांत इलेक्ट्रॉन पहिल्या क्षणांत काय करतो, हा प्रश्न आपल्या शेजारी समजतात तितका हास्यास्पद नाहीं.

परंतु तो "पहिला क्षण" म्हणजे किती लहान ! येथें फेम्टोसेकंद नांवाचें माप वापरतात. एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्यें इतके भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. एका सेकंदाचें सुमारें तीन कोटी सतरा लक्ष वर्षांशीं जें प्रमाण, तेंच फेम्टोसेकंदाचें एका सेकंदाशीं. एवढ्या अवकाशांत प्रकाशसुद्धां मिलिमीटरच्या दहा हजारांशापैकीं फक्त तीन अंश चालतो. जगांतील कोणतेंही घड्याळ हातांत धरून हें मोजतां यावयाचें नाहीं. मग मोजतात कसें ?

युक्ति इतकी सरळ आहे कीं, ती दहावीच्या विद्यार्थ्यासही समजावी. पहिला लेसर १९६० मध्यें थिओडोर मेमन यांनीं माणकाच्या कांडीपासून चालविला. पुढें लेसरचा प्रकाश अतिशय आंखूड झोतांच्या रूपानें मिळूं लागला. कांहीं फेम्टोसेकंदच टिकणारे झोत आज प्रयोगशाळांत वापरले जातात. असा एक झोत घेऊन त्याचे दोन भाग करतात. पहिला भाग पाण्यावर आघात करून इलेक्ट्रॉन सुटा करतो. दुसरा भाग किंचित् लांबच्या वाटेनें आणून त्याच जागेंतून पाठवितात. तो साक्षीदार होय. ही वाट लांब करावयाची तर एक आरसा मागें सरकवावयाचा. आरसा मिलिमीटरच्या हजारांशापैकीं पंधरा अंश सरकला, तर जाण्यायेण्याची मिळून वाट तीस अंशांनीं वाढते, आणि साक्षीदार शंभर फेम्टोसेकंद उशिरा पोहोंचतो. त्याचा तांबडा प्रकाश किती गिळला गेला, हें पाहिलें कीं त्या क्षणीं तेथें इलेक्ट्रॉन कोणत्या अवस्थेंत होता हें समजतें. आरसा थोडा थोडा सरकवीत हाच प्रयोग हजारों वेळां करावयाचा. काळ मोजतां येत नाहीं म्हणून अंतर मोजावयाचें ! या पद्धतीनें रासायनिक क्रिया चालू असतां पाहण्याच्या कामगिरीबद्दल अहमद झेवेल यांस १९९९ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

या साधनानें काय दिसलें तें थोडक्यांत सांगतों. १९८७ मध्यें मिगुस, गोदुएल प्रभृति फ्रेंच संशोधकांस असें आढळलें कीं, सुटलेला इलेक्ट्रॉन एकदम स्थिर होत नाहीं. तो आधीं एका कच्च्या अवस्थेंतून जातो, व सुमारें अडीचशें फेम्टोसेकंदांत पाण्याचे रेणु त्याच्याभोंवतीं वळून त्यास आपल्यांत सामावून घेतात. इलेक्ट्रॉन गमावलेला जो पाण्याचा रेणु मागें राहतो, त्याची गति तर याहूनही शीघ्र आहे. २०२० मध्यें अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनीं मिळून, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या व्यवस्थेखालील प्रयोगशाळेंतील क्ष-किरणांच्या लेसरनें पाहिलें कीं, तो रेणु आपल्या शेजाऱ्यास एक प्रोटॉन देऊन टाकतो, आणि या देवघेवीस सुमारें ४६ फेम्टोसेकंद लागतात.

आणि अजून जें ठरलें नाहीं, तेंही सांगितलें पाहिजे. २००० सालीं कॅनडांतील शेरब्रुक विद्यापीठांत लेऑं सांश व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, फार थोड्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉनसुद्धां आनुवंशिकतेचें द्रव्य जें डी.एन्‌.ए., त्याचे धागे तोडूं शकतात. पण हे प्रयोग निर्वात जागेंत कोरड्या द्रव्यावर केलेले होते. जिवंत पेशींत, म्हणजे पाण्यांत, इलेक्ट्रॉन त्या कच्च्या अवस्थेंत असतांनाच हें तोडकाम करतो कीं काय, यावर मतभेद चालू आहेत. आपला तो तिशींतला उमेदवार अंधाऱ्या खोलींत आरसे सरकवीत बसतो तो अशाच प्रश्नाच्या मागें असतो.

आतां उपयोगाचा हिशेब मांडूं. ज्या गांठींत ऑक्सिजन कमी पोहोंचतो तिच्यावर किरणोपचार लवकर लागू पडत नाहींत. ऑक्सिजनप्रमाणेंच इलेक्ट्रॉन ओढून घेणारीं औषधें दिलीं तर ही उणीव भरून निघेल, हा विचार इलेक्ट्रॉनांच्या अशाच अभ्यासांतून पुढें आला, व त्या वर्गांतील निमोरॅझोल हें औषध डेन्मार्कमध्यें डोकें व मान यांच्या कर्करोगांत किरणोपचाराबरोबर दिलें जातें. अणुभट्टींतील पाणी किरणांनीं फुटून धातूस गंज चढवूं नये म्हणून कित्येक भट्ट्यांच्या पाण्यांत हायड्रोजन मिसळून ठेवतात. तो किती मिसळावा हें याच रसायनशास्त्रावरून ठरतें. पाण्यांत वर्षानुवर्षें न कुजणारीं फ्लोरिनयुक्त चिवट द्रव्यें मोडण्याकरितां जलवेष्टित इलेक्ट्रॉनाचा उपयोग करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. आपल्या प्रांताचाही या विद्येशीं संबंध आहे. मुंबईंत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत व पुणें विद्यापीठांत इलेक्ट्रॉनांचे क्षणिक झोत पाण्यांत सोडून पाहण्याचे प्रयोग झाले आहेत.

हा हिशेब ऐकून कोणी म्हणेल, "झालें तर ! उपयोग आहे असें सिद्ध झालें." पण आमचा मुद्दा याहून निराळा आहे. १८६४ मध्यें वाइलच्या प्रयोगशाळेंत जाऊन, "या निळ्या रंगाचा उपयोग काय ?" असें कोणीं विचारलें असतें, तर त्या बिचाऱ्यानें काय उत्तर दिलें असतें ? क्ष-किरण नव्हते, अणुभट्टी नव्हती, लेसर नव्हता, आणि इलेक्ट्रॉन हें नांवही नव्हतें. "कांहीं नाहीं" हेंच त्याचें प्रामाणिक उत्तर झालें असतें. तें उत्तर त्या दिवशीं खरें आणि शंभर वर्षांनीं साफ चुकीचें ठरलें असतें. ज्ञानाच्या बाबतींत "पी हळद अन् हो गोरी" हा न्याय चालत नाहीं. म्हणून आम्ही म्हणतों कीं, उपयोगाचा प्रश्न अवश्य विचारावा, पण त्याच्या उत्तरास अवकाश द्यावा, आणि तोंपर्यंत दुसरा एक प्रश्न विचारावा, तो हा कीं, "काम खरें चाललें आहे काय?"

या दुसऱ्या प्रश्नाचें महत्त्व सांगण्यापूर्वीं पालकांच्या बाजूनें जें बोललें पाहिजे तें बोलतों. या मार्गांत कष्ट आहेत, व ते केवळ उमेदवाराचे नाहींत. घरांतील म्हातारीं माणसें वाट पाहत असतात, धाकट्या भावंडांचें शिक्षण अडतें, लग्नकार्यें लांबतात. उमेदवारीची मुदत ठराविक असते आणि ती संपल्यावर कायमची जागा मिळेलच अशी हमी नसते. पुष्कळांच्या हातून मोठा शोध लागत नाहीं. दोन वर्षांच्या खटाटोपानंतर "येथें कांहीं दिसलें नाहीं" एवढीच नोंद होते. "ज्ञानासाठीं ज्ञान" ही घोषणा सोपी आहे. तिचा खर्च मात्र बहुधा दुसऱ्याच कोणाला तरी सोसावा लागतो. ज्या समाजास संशोधनाचीं फळें हवीं आहेत त्यानें या लोकांस वेळेवर व पोटापुरतें वेतन द्यावें, हें न्याय्य आहे. प्रत्येक हुशार मुलानें या वाटेनें जावें असेंही आमचें मत नाहीं. नांवापुढें अक्षरें लागावीं म्हणून जाणाऱ्यानें तर जाऊंच नये. परंतु ज्यास खरोखर ओढ आहे, त्याची वाट, "त्यांत पैसा नाहीं" एवढ्या एका वाक्यानें सोळाव्या वर्षींच बंद करणें, हें त्याच्यावर आणि समाजावरही अन्याय करणें होय.

आतां "काम खरें चाललें आहे काय ?" या प्रश्नाकडे वळूं. वर वर्णिलेल्या प्रयोगांत एक मोठी फसगत असते. आघात करणारा झोत व साक्षीदार झोत जेव्हां अगदीं एकाच वेळीं पोहोंचतात, तेव्हां त्यांच्या परस्परांवरील परिणामानें पाण्यांत व कांचेंतही एक खूण उमटते, आणि ती पाहून इलेक्ट्रॉनच दिसला असा भास होतो. म्हणून खरा संशोधक आधीं जेथें इलेक्ट्रॉन सुटणार नाहीं अशा परिस्थितींत तोच प्रयोग करून ती खोटी खूण ओळखतो व हिशेबांतून वजा करतो. स्वतःस आवडणारें उत्तर हातांत आलेलें असतां त्यावर संशय घेणें, हीच या कामाची खरी कसोटी होय. दुसरें उदाहरण घ्या. जलवेष्टित इलेक्ट्रॉन पाण्याचे रेणु दूर सारून एका पोकळींत बसतो असें बहुतेकांचें मत होतें. २०१० मध्यें कॅलिफोर्नियांतील तिघां संशोधकांनीं गणित करून असें मांडलें कीं, पोकळी नाहींच. तो उलट रेणूंना आपल्याकडे ओढून घेतो. त्यावर कोणीं कोणास मूर्ख ठरवून वाद मिटविला नाहीं. इतरांनीं नवीं गणितें केलीं, नवे प्रयोग केले, दोन्ही चित्रें मोजमापांशीं ताडून पाहिलीं. बहुतेक पुरावा पुन्हां पोकळीच्या बाजूनें झुकला. पण मधल्या वर्षांत त्या इलेक्ट्रॉनाविषयीं जें कळलें तें वाद नसता तर कळलें नसतें.

विद्यार्थिमित्रहो, येथें तुमचा संबंध येतो. तुमच्या प्रयोगशाळेंत लेसर नाहीं. लंबक आहे, ब्युरेट आहे, भिंग आहे. लंबकाच्या प्रयोगांत गुरुत्वत्वरणाचें उत्तर ९८० च्या जवळपास यावयाचें हें ठाऊक असतें. म्हणून कित्येक जण आधीं ९८० लिहितात आणि मग त्यास शोभतील असे आंदोलनांचे काळ भरतात. ब्युरेटचीं तीन वाचनें घ्यावयाचीं असतां एकच घेऊन तीच संख्या तीनदां उतरतात. मागील वर्षाच्या मुलाची वही समोर असली म्हणजे तेवढेही श्रम पडत नाहींत. यांत कोणाचें कांहीं चोरलें जात नाहीं, असें तुम्हांस वाटतें. पण तुमची एक गोष्ट चोरीस जाते, ती म्हणजे स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास. ज्याची वही ९४० असें खरें उत्तर दाखविते, आणि "दोरी नीट मापली नसावी, पुन्हां पाहिलें पाहिजे" असें जो खालीं लिहितो, तो मुलगा त्या अंधाऱ्या खोलींतील संशोधकाच्याच वर्गांत बसलेला आहे. शिक्षकांनीं अशा वहीस अधिक गुण द्यावे. आणि पालकांनींही अशा वहीकरितां मुलास रागावूं नये.

कलकत्त्यास १९२८ मध्यें चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं कृष्णन् यांच्या साहाय्यानें जो परिणाम शोधून काढला, त्यास साधनें साधींच होतीं : सूर्यप्रकाश, रंगीत कांचा, आणि द्रवांनीं भरलेल्या कुप्या. त्या अंधुक प्रकाशांत जें दिसलें तें त्यांनीं खोटें मानून टाकून दिलें नाहीं, आणि तपासल्याशिवाय खरेंही मानलें नाहीं. आज लेसरच्या साहाय्यानें त्याच रामन-परिणामाचा उपयोग करून जलवेष्टित इलेक्ट्रॉनाभोंवतींच्या पाण्याचीं कंपनें तपासतात. अनेक वर्षांपूर्वींची खरी नोंद दुसऱ्या देशांत, दुसऱ्या प्रश्नास अशी उपयोगीं पडली.

पालकहो, तुमच्या मुलांपैकीं बहुतेक जण इलेक्ट्रॉनाच्या मागें लागणार नाहींत. कोणी दुकान चालवितील, कोणी शेती पाहतील, कोणी रुग्णसेवा करतील. परंतु त्यांतील एखादा किंवा एखादी उद्यां तुम्हांस येऊन म्हणेल कीं, मला अमुक एक गोष्ट जाणून घ्यावयाची आहे, आणि तिचा उपयोग मला आज सांगतां येत नाहीं. त्या वेळीं घरची परिस्थिति त्यास मोकळेपणानें सांगा, अडचणी लपवूं नका, किती वर्षें धीर धरतां येईल तेंही ठरवून घ्या. मात्र हंसूं नका. इस्पितळांत किरणोपचारांकरितां बसलेल्या रुग्णाच्या अंगीं जें पाणी आहे, त्याविषयीं आपणांस आज जें ठाऊक आहे, तें ज्यांच्या घरीं कोणीं तरी धीर धरला अशाच लोकांनीं मिळवून ठेविलेलें आहे.